सुमनताई प्रश्न वाचतात

सुमनताई रामटेकेंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "चहा की कॉफी?" पुढच्या शनिवारी विचारलं, "कॉफी की चहा?" ही अदलाबदल त्या मुद्दाम करतात, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ दिवस लागले. शेवटी त्यांच्या यजमानांनी, मधुकररावांनीच, मला सांगितलं.

"अहो, आधी चहाचं नाव घेतलं की पाहुणा चहाच मागते. मग तो त्याचा चहा नाही राहिला, आपला झाला, असं हिचं म्हणणं. तीस वर्षं झाली लग्नाला, मला कोणता शर्ट चांगला दिसते हे हिनं अजून सांगितलं नाही."

"तुम्ही विचारता कुठं?" ताई आतून म्हणाल्या. "तुम्ही घालून येता आणि 'चांगला आहे ना' म्हणता. तो काय प्रश्न झाला?"

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, त्यांची पंचवीसेक वर्षं गेली होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्या क्वचित दिसायच्या. बौद्ध मंडळींची वेगळी असोसिएशन होती, तिच्या कार्यक्रमांना मात्र न चुकता असायच्या. खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी, आणि भाषण करायला कधीच नाही. उंची बेताची, केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. समोरचा बोलता बोलता अडखळला तर आपण त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. ताईंनी माझं एकही वाक्य कधी पुरं केलं नाही. थांबायच्या. त्या थांबण्याची सुरुवातीला भीती वाटायची.

मी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, तेव्हा नुकतीच कॅनडाची नागरिक झालेली. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्यासारखे बरेच जण आले होते, आणि घर, नोकरी, बर्फासाठीचे विंटर टायर्स यांपलीकडे आमचं बोलणं जात नसे. पण २००७च्या ऑक्टोबरात आमच्या ऑन्टारिओ प्रांताची निवडणूक आली, आणि तिच्याबरोबर एक सार्वमतही. मतदाराच्या हातात एकाऐवजी दोन मतपत्रिका पडणार होत्या. पहिली नेहमीची, उमेदवारांची. दुसरीवर प्रश्न होता: यापुढे आपले प्रतिनिधी कोणत्या पद्धतीनं निवडायचे? पर्याय दोनच. एक चालू पद्धत, ज्याला मतदारसंघात सर्वांत जास्त मतं तो निवडून आला. दुसरी नवी, जिच्यात काही जागा तशाच भरायच्या आणि काही पक्षांना मिळालेल्या एकूण मतांच्या प्रमाणात द्यायच्या. नव्या पद्धतीसाठी नुसतं बहुमत पुरणार नव्हतं, शंभरातली साठ मतं लागणार होती. राज्याचा कारभार कोणी करायचा हे आपण नेहमीच ठरवतो. ते ठरवायचं कसं, हे ठरवायची वेळ माणसाच्या आयुष्यात किती वेळा येते? मी भारावून गेले होते. नवी पद्धत यावी असं मला मनापासून वाटत होतं. त्याच भरात मी निवडणुकीच्या दिवशी काम करायला नाव दिलं.

ट्रेनिंग एका चर्चच्या बेसमेंटमध्ये होतं. शिकवणारा माणूस उत्साही होता. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, त्यात माझ्या वाट्याला ताई आल्या. आम्हाला मतदान केंद्र नव्हतं, एक नर्सिंग होम, म्हणजे वृद्धांचं निवासी शुश्रूषागृह होतं. जे म्हातारे खालच्या हॉलपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या खोलीत, पलंगापाशी, पेटी घेऊन जायचं. शिकवणारा म्हणाला, "कोणी मदत मागितली, तर प्रश्न वाचून दाखवा आणि पुढे चला."

ताईंनी हात वर केला. "कसा वाचायचा?"

"मोठ्यानं," तो म्हणाला. सगळे हसले. ताईही हसल्या, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर बसस्टॉपवर त्यांनी मला थांबवलं. छापील कागद काढला, चष्मा लावला आणि तो प्रश्न दोन्ही पर्यायांसकट वाचून दाखवला. मग विचारलं, "कोणतं चांगलं वाटलं?"

"दुसरं," मी म्हणाले. "पण ते मला आधीपासूनच..."

"तुझं राहू दे. माझ्या वाचण्यावरून?"

मी विचार केला. "दुसरं वाचताना तुमचा आवाज जरा खाली आला. म्हणजे, झालं, ठरलं, असा."

"बरोबर पकडलंस," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. "वाक्य संपलं की आवाज पडते. आणि जिथं पडते तिथं माणूस बसते. शनिवारी घरी ये."

अशी आमची शनिवारची शिकवणी सुरू झाली. ताईंच्या किचनमधल्या टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर असायचा. त्या वाचायच्या, आम्ही ऐकायचो, पुन्हा वाचायच्या. चालू पद्धतीला 'चालू' म्हटलं की तो शब्द उबदार वाटतो. नवीला 'पर्यायी' म्हटलं की तो परका वाटतो. शब्द छापलेले होते, ते बदलायची मुभा नव्हती. मग त्यांची ऊब आवाजातून काढून टाकायची, आणि परकेपणाही काढून टाकायचा. ताई भुवयांवरसुद्धा लक्ष ठेवायच्या. मला समोर बसवून म्हणायच्या, "माझ्या तोंडाकडे पाहून सांग." एकदा मी म्हणाले, "दुसऱ्या पर्यायाला तुम्ही श्वास घेता." पुढच्या शनिवारी त्या पहिल्यालाही तेवढाच श्वास घेत होत्या. छापलेल्या क्रमानं एकदा वाचायचं, मग उलट क्रमानं एकदा, म्हणजे आवाज दोन्हीकडे सारखा पडेल, हेही त्यांनीच शोधून काढलं आणि निवडणूक कार्यालयाला फोन करून तसं चालेल का ते विचारून घेतलं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी वैतागले. "ताई, दोन-तीनशे शब्दांत नवी पद्धत समजावून सांगितली तर लोकांचं भलं होईल. आपण नुसतं पोपटासारखं वाचायचं?"

"समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. टीव्हीवर आहेत, पेपरात आहेत. तिथं जा, तिथं सांग, मी येते ऐकायला." त्यांनी टेप मागे फिरवली. "पलंगापाशी नको."

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. सांगायची म्हणून नाही, टेप फिरेपर्यंत वेळ होता म्हणून. त्यांचा जन्म भंडाऱ्याकडच्या खेड्यातला. आईला अक्षरओळख नव्हती. ताई नऊ-दहा वर्षांच्या असताना आई मत द्यायला निघाली, तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसून, लेकीचा हात धरून निघाली. शाळेच्या खोलीत तिला चिन्हांचा कागद दिला. तिला कोणतं चिन्ह हवं ते ठाऊक होतं, पण कागद उलटा की सुलटा हे कळेना. ती तो फिरवून फिरवून पाहत होती. तिथं टेबलाशी उभा असलेला गावातला एक माणूस म्हणाला, "आण इकडं मावशी, किती वेळ लावतेस." त्यानं कागद घेतला, शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत टाकून दिला.

"वाईट माणूस नव्हता तो," ताई म्हणाल्या. "आम्हाला विहिरीवर पाणी भरू देणाऱ्यांपैकी होता. त्याला वाटलं, मदत केली. आई बाहेर आली आणि झाडाखाली बसली. मी म्हटलं, चाल ना घरी. तर म्हणे, मत झालं माझं, पण कोणाले झालं ते त्यालेच माहीत."

टेप थांबल्याचा खट् आवाज झाला. ताईंनी बटण दाबलं आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.

निवडणुकीच्या दिवशी सकाळी आम्ही पेटी, पुठ्ठ्याचा आडोसा आणि पेन्सिली घेऊन नर्सिंग होममध्ये पोचलो. कॉरिडॉरमध्ये टोस्टचा आणि जंतुनाशकाचा वास होता. माणूस मत कसं ठरवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. एका आजोबांनी वरच्या पर्यायावर पेन्सिल टेकवली, कारण हात तिथून खाली जात नव्हता. ताईंनी कागद वर सरकवून विचारलं, "आता?" तर म्हणाले, "आताही तोच." एका बाईंनी आम्हाला थांबवून दोन्ही पद्धतींवर असा वाद घातला, स्वतःशीच, की मी टिपून घ्यायला हवं होतं. एकीनं विचारलं की नव्या पद्धतीत जेवण लवकर मिळेल का. ताईंनी कोणालाच हसून टाळलं नाही. "त्याबद्दल या कागदावर काही नाही," एवढंच म्हणाल्या, आणि प्रश्न पुन्हा वाचला.

मध्ये एका खोलीत त्यांनी मला वाचायला सांगितलं. पलंगावर पांढऱ्याशुभ्र केसांच्या आजी होत्या. मी नीट वाचलं, निदान मला तसं वाटलं. आजींनी माझा हात थोपटला. "तुला खालचं हवंय ना, डिअर? चल, तुझ्यासाठी."

मला काय वाटलं ते खरं सांगते. क्षणभर आनंद झाला. मग ताईंकडे लक्ष गेलं आणि कान गरम झाले. ताई रागावल्या नव्हत्या. त्या आजींच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "हिचं मत हिनं आधीच दिलंय. हे तुमचं आहे. पुन्हा वाचू?" आजींनी मान डोलावली. ताईंनी वाचलं. आजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या आणि मग आडोशामागे फुली मारली. कुठे मारली ते आम्हाला दिसलं नाही.

दुपारी आम्ही मिस्टर डिलुकांच्या खोलीत गेलो. सगळा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेला, रुंद हाडाचा माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला, त्यात वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. पलंगाशी त्यांचा मुलगा फ्रँक बसला होता, पन्नाशीचा, कामावरून सुट्टी काढून आलेला. त्यानंच पुढे होऊन सांगितलं, "मी करतो त्यांच्या वतीनं. मला माहीत आहे त्यांना काय हवंय. बदल वगैरे त्यांना चालत नाही."

नियमात ते बसत होतं. मतदारानं मागितलं, तर शपथ घेऊन जवळचा माणूस मदत करू शकतो. ताईंनी फ्रँकला तसं सांगितलं आणि मिस्टर डिलुकांकडे वळल्या. "सर, तुम्हाला मदत हवी आहे का?"

"हो, हवी आहे," फ्रँक म्हणाला.

"मी यांना विचारलं," ताई म्हणाल्या. आवाज तोच, टेपरेकॉर्डरसमोरचा.

मिस्टर डिलुकांनी मुलाकडे पाहिलं, मग छताकडे. मग त्यांची मान हलली, डावीकडून उजवीकडे, एकदाच.

फ्रँकचा चेहरा पडला. ताईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये थांबायची विनंती केली. तो दारातच उभा राहिला. पहिली मतपत्रिका, उमेदवारांची, मिस्टर डिलुकांनी डाव्या हातानं लवकर आटपली. दुसरी समोर आली. ताईंनी प्रश्न वाचला. उलट क्रमानं वाचला. पेन्सिल जागची हलली नाही. ताईंनी विचारलं, "पुन्हा?" पापण्या हलल्या. पुन्हा वाचला. असं पाच वेळा झालं. मधे त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं, झोपले. नर्सिंग होमच्या मॅनेजर बाई येऊन घड्याळ दाखवून गेल्या. वरचा अख्खा मजला अजून बाकी होता. मी ताईंच्या कानाशी म्हणाले, "त्यांना कळतंय का ते तरी..."

"आपल्याला कळलंय का, हे कोणी तपासलं होतं, मेधा?" त्या हळूच म्हणाल्या. "घाई तुझी आहे. त्यांची नाही."

अर्धा तास उलटून गेला. मग मिस्टर डिलुकांनी डोळे उघडले. पेन्सिल उचलली, आणि आधी एक वेगळीच गोष्ट केली. आडोशाचा पुठ्ठा कोपरानं ढकलून दाराच्या बाजूला सरकवला, मुलाला दिसू नये म्हणून. फुली मारायला त्यांना खूप वेळ लागला. एक रेघ, मग थांबणं, मग दुसरी. घडी त्यांनी स्वतः घातली, एका हातानं, छातीवर कागद दाबून. ताईंनी पेटी पलंगाच्या कडेला धरली. कागद आत पडला, आणि त्या माणसानं असा श्वास सोडला की मला वाटलं, भट्टीतून काहीतरी ओतून झालं.

मी रडले. ताई वहीत वेळ लिहीत होत्या.

फ्रँकनं तक्रार केली. या बाईनं वडिलांना पाच पाच वेळा ऐकवून स्वतःला हव्या त्या बाजूला वळवलं, अशी. निवडणूक कार्यालयातून दोघींना बोलावणं आलं. लॅबमध्ये ताईंचा मान होता, असोसिएशनमध्ये होता. मतदाराला फितवल्याचा ठपका बसला असता तर त्या कोसळल्या असत्या असं मला वाटत होतं. आत जाण्याआधी बाकावर बसून मी म्हणाले, "मी सांगते त्यांना तुम्ही किती..."

"माझ्या बाजूनं बोलू नको," ताई म्हणाल्या. "जे पाहिलं ते बोल." त्यांचे हात मात्र पर्सच्या बंदाला घट्ट धरून होते. तेवढीच एकदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

आतल्या अधिकारी बाईंनी मला एकटीला बसवून शांतपणे विचारलं, "सार्वमतात मिसेस रामटेके कोणत्या बाजूच्या होत्या?"

कितीतरी शनिवार मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांचा श्वास मोजला होता, भुवया पाहिल्या होत्या. त्यांच्या आईचं दुःख मला माहीत होतं. आणि हे मला माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"अंदाज?"

"अंदाजही नाही. मी खूप प्रयत्न केला होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं त्यांनी ताईंना आत बोलावून प्रश्न वाचून दाखवायला सांगितला. ताईंनी चष्मा लावून वाचला, दोन्ही क्रमांनी. तक्रारीत तथ्य नाही असं पत्र आठवड्याभरात आलं.

त्या चौकशीच्या दिवशी बाहेर पडलो तर कॉरिडॉरमध्ये फ्रँक होता. त्यालाही बोलावलं होतं. तो उठून उभा राहिला, आणि मला वाटलं आता भांडेल. तो ताईंना म्हणाला, "दोन वर्षं मीच बोलतोय त्यांच्यासाठी. डॉक्टरांशी, नर्सशी. ते काय खातात, कोणता चॅनल पाहतात, सगळं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मला नाही म्हणाले." मग म्हणाला, "तोवर मी त्यांना विचारलंच नव्हतं."

ताई थांबल्या, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. त्याचं वाक्य संपलंय याची खात्री झाल्यावर म्हणाल्या, "आज संध्याकाळी भेटायला जाणार आहात ना? विचारा की काहीतरी." फ्रँकनं मान हलवली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

नवी पद्धत तोपर्यंत हरली होती, चांगल्या फरकानं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी हिरमुसून ताईंना फोन केला होता. लोकांना कळलंच नाही, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हरलं म्हणजे कळलं नाही, आणि जिंकलं असतं तर कळलं, असं आहे काय?" मग जरा नरमून, "वाईट वाटून राहिलं ना? वाटू दे. मत दिलं त्याचं वाईट वाटणं हाही आपलाच हक्क आहे."

नंतर ताई रिटायर झाल्या. त्यांच्या मुलीला दूर हॅलिफॅक्सला युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, तेव्हा ताई आणि मधुकरराव दोघंही तिकडे गेले. फोन व्हायचे, मग कमी होत गेले. २०११च्या उन्हाळ्यात कामासाठी हॅलिफॅक्सला जाणं झालं. शेवटच्या दिवशी दुपारी वेळ काढून त्यांच्या घरी गेले. मधुकररावांनी दार उघडलं. "लायब्ररीत असते ती मंगळवारी," म्हणाले. "नवीन आलेल्या लोकांना लिहायला शिकवून राहिली. चार गल्ल्या सोडून आहे, जा."

लायब्ररीतली ती खोली काचेची होती. आत भूतानकडून आलेल्या निर्वासितांपैकी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नाकात चमकी, डोक्यावर ओढणी. पुढ्यात कोरा कागद. त्या स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न करत होत्या. पहिलं अक्षर झालं होतं, दुसऱ्याशी हात अडला होता. पेन्सिल कागदापासून इंचभर वर थांबली होती.

सुमनताई त्यांच्या मागे उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते, आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट आवळून धरलं होतं की काचेबाहेरूनही मला बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसली.

मला विमान गाठायचं होतं. तरी मी उभी राहिले. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. म्हाताऱ्या बाईंनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. ताईंनी ना घड्याळाकडे पाहिलं, ना माझ्याकडे. काचेवर टकटक करायला मी हात वर केला होता. तो मी हळूच खाली घेतला आणि आवाज न करता निघाले.